आठव्या पटावरची ईजाजत

आदरणीय काशिनाथराव शिंगाडे, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते एका रिकाम्या खुर्चीकडे परवानगी मागत होते.

त्याला आता चार वर्षे होतील. मी वाळूजला एका कारखान्यात पहिल्या पाळीला होतो. पाळी सुटल्यावर आईच्या परकराचे कापड घ्यायला गुलमंडीत गेलो. दुकानाच्या बाजूला अरुंद जिना होता आणि जिन्याशी पाटी होती : ‘फुरसत बुद्धिबळ मंडळ. वर यावे. चपला खाली.’ पाटीत एकही चूक नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचताना मला चुका आधी दिसतात, त्यामुळे त्या पाटीचे मला विशेष वाटले आणि मी वर गेलो.

लांबट खोली, भिंतीला लागून आठ टेबले. शुक्रवार होता. संध्याकाळची मंडळी अजून आली नव्हती. सात पट रिकामे होते. खिडकीजवळच्या आठव्या पटावर मात्र अर्धा डाव मांडलेला होता. तिथे एक सडपातळ, पांढऱ्या केसांचे गृहस्थ उभे होते. गळ्यात दोऱ्याला घड्याळजीचे भिंग लोंबत होते. त्यांनी पटावरचा मलमलीचा कपडा घडी करून ठेवला, समोरच्या खुर्चीकडे किंचित वाकले आणि म्हणाले, “इजाजत.”

मग ते थांबले. खालून कापड फाडल्याचा आवाज आला. मग त्यांनी मान हलवली, पांढरा राजा उचलला आणि पुसू लागले.

मला राहवले नाही. “कुणाला विचारलंत?”

“ज्यांचे मोहरे त्यांना.”

“पण तिथं कुणी नाही.”

“उत्तर आल्याबिगर मी हात लावीन व्हय?” ते शांतपणे म्हणाले. मग माझ्या पायांकडे पाहिले. “चपला खाली काढायच्या असतात. पाटी वाचली नाय का?”

मी खाली जाऊन चपला काढल्या. खरे तर तिथूनच घरी जायला हवे होते. मी अनवाणी पुन्हा वर गेलो आणि त्या दिवसापासून मंडळाचा सभासद आहे.

अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितले तेव्हा मी नको म्हटले होते. माझे शिक्षण दहावीशी अडलेले आहे आणि अण्णांविषयी लिहिण्याचा अधिकार ज्येष्ठांचा आहे. पण गेल्या हिवाळ्यात आठव्या पटावर जे घडले तेव्हा अण्णांखेरीज मीच तिथे होतो. ते नीट लिहून ठेवावे, अशी अण्णांचीही इच्छा आहे. तेव्हा जे पाहिले आणि ऐकले तेवढेच लिहितो.

अण्णांचे गाव शेंद्रा. आज तिथे कारखाने आहेत. अण्णांच्या लहानपणी त्यांच्या घरी मेंढरे होती आणि मेंढरांच्या मागे जाणे हीच शाळा. अठराव्या वर्षी ते शहरात आले, गुलमंडीतल्या एका घड्याळजींकडे काम शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःची टपरी टाकली. त्या टपरीवर रोज खिशातले घड्याळ लावून घ्यायला एक वयस्कर गृहस्थ येत. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. निजामाच्या राजवटीत ते कचेरीत लिखापढीच्या कामाला होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे बरेचसे नातलग शहर सोडून गेले. मुन्शीजी राहिले. कचेरीचा कारभार मराठीत झाला तेव्हा त्यांनी चाळिशीत बाराखडी गिरवली. त्याच सुमारास हे मंडळ त्यांनी सुरू केले.

एक दिवस त्यांनी अण्णांना वर बोलावले. अण्णा जिन्यातच अडून राहिले. मेंढरे राखणाऱ्याने राजा-वजिराच्या खेळात काय करायचे? मुन्शीजी वरून म्हणाले, “काय को डरते मियाँ? भेड़ां संभाले ना तुम? प्यादे भी वैसेच रहते.”

अण्णा हे वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतात. ते इतके हुबेहूब असते, की नवीन सभासद मागे वळून पाहतात.

मंडळाची सगळी साधने अण्णांच्या हातची आहेत. हौशी खेळणाऱ्याला फार सामान लागत नाही, पण लागते ते चोख हवे, हे त्यांचे मत. पट मांडताना प्रत्येकाच्या उजव्या हाताला कोपऱ्यातले पांढरे घर यायला हवे. मोहरा त्याच्या घरात मोकळा उभा राहायला हवा, शेजाऱ्याला खेटता कामा नये. लाकडी मोहऱ्यांच्या पोटात शिसे, बुडाला बनातीच्या लोकरी कापडाचा तुकडा. म्हणजे मोहरा ठेवताना आवाज होत नाही. दोन तबकड्यांची किल्लीची घड्याळे ते स्वतः दुरुस्त करतात. ज्याची चाल असेल त्याची तबकडी चालते. चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे आपली थांबते आणि समोरच्याची सुरू होते. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने कळ दाबायची. कुणी कळीवर थापड मारली तर अण्णा विचारतात, “त्यानं काय घोडं मारलंय तुमचं?”

रामभाऊ पूर्वी ट्रकवर चालक होते. उतारवयात त्यांचा उजवा हात थरथरू लागला. एका मोहऱ्याला हात घालताना शेजारचे दोन पडायचे. आपल्याकडे नियम कडक आहे, हात लागला तो मोहरा हलवायचाच. रामभाऊ सारखे हरू लागले आणि मग यायचे बंद झाले. अण्णांनी नियम सैल केला नाही. आठ दिवसांत त्यांनी एक नवा संच आणला. मोहरे जड, बुडे रुंद, पट मोठा. मग रामभाऊंच्या घरी जाऊन म्हणाले, “नवा संच आणलाय. जड झालाय जरा. पोरांच्यानं उचलंना. ट्रक हाकलेला माणूस पायजे.” रामभाऊ आजही त्याच संचावर खेळतात. तो त्यांच्यासाठी केला होता हे त्यांना हा लेख वाचून कळेल. अण्णांनी मला क्षमा करावी.

दुसऱ्या बाजूला, एकदा एक पुढारी फोटो काढून घ्यायला आले होते. अण्णांशी चार चाली खेळायचे ठरले. तिसऱ्या चालीला त्यांनी वजीर उचलला, धोका दिसला तसा परत ठेवला आणि उंटाकडे हात नेला.

“साहेब, वजिराला हात लावलात,” अण्णा म्हणाले.

“अहो अण्णा, खेळ आहे हा!”

“म्हनून तर. कामकाजात तुमी काय बी करा.”

पुढाऱ्यांच्या माणसांचे चेहरे उतरले. पुढारी मात्र हसले आणि त्यांनी वजीर गमावला. फोटोत ते हरलेलेच दिसतात. तो फोटो मंडळात लावलेला आहे.

मंडळाची शिस्त एका लाकडी फलकावर लिहिलेली आहे. शह देताना ओरडू नये. समोरचा विचार करत असताना बोटे वाजवू नयेत. बघ्याने चाल सुचवू नये, उसासाही टाकू नये. हरल्यावर हात मिळवावा, मोहरे जागेवर लावावेत, मगच उठावे. सातवा नियम आपल्या मंडळाचा खास आहे : ‘तिरपा झालेला मोहरा नुसता सरळ करायचा असल्यास आधी ईजाजत म्हणावे. समोरच्याने है म्हटल्यावरच हात लावावा.’

फलकाचा रंग उडाला होता म्हणून दोन वर्षांपूर्वी अण्णांनी मला तो गिरवायला दिला. त्यात ‘ईजाजत’ दीर्घ होता. मी तिघांना विचारून खात्री केली होती. शब्द ऱ्हस्वच आहे. मी अण्णांना विचारले, “हा एक शब्द दुरुस्त करू का?”

अण्णांनी आठव्या पटापलीकडच्या खुर्चीकडे बोट केले. “त्यांना इचार.”

मी विचारले नाही. अक्षर जसे होते तसेच गिरवले.

त्या खुर्चीविषयी सभासद फारसे बोलत नाहीत. तरी तिच्याकडे पाठ करून कुणी बसत नसे हे खरे. आठव्या पटाला दोन खुर्च्या आहेत, दोन्हींवर एकाच कापडाच्या उश्या. काळ्या बाजूची, म्हणजे अण्णांची उशी फुगीर, जशी शिवली तशी. पांढऱ्या बाजूच्या उशीला मधोमध खळगा होता. ती उशी मी स्वतः दोनदा झटकून सारखी केली होती. दुसऱ्या दिवशी खळगा असे.

फलक गिरवून झाला त्या दिवशी अण्णांनी मला त्या पटाची हकीकत सांगितली. पूर्वी लांबलेला डाव दुसऱ्या दिवसावर ठेवायची पद्धत होती. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न करता कागदावर लिहायची, लिफाफ्यात घालून चिकटवायची आणि लिफाफा घड्याळाखाली ठेवायचा. परत आल्यावर समोरच्याने आपल्या खुर्चीत बसायचे आणि लिफाफा फोडायचा. तो बसला की डाव सुरू.

चाळीस वर्षांपूर्वी, किंबहुना थोडे जास्तच, एका शुक्रवारी मुन्शीजी आणि अण्णा असेच खेळत होते. पाच वाजता मुन्शीजींनी काहीतरी लिहिले, लिफाफा बंद केला आणि म्हणाले, “अगले जुम्मे को.” दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे हैदराबादला गेले. पुढच्या शुक्रवारी अण्णा वाट पाहत उभे राहिले. त्याच्या पुढच्याही. मग मुलीचे पोस्टकार्ड आले. मुन्शीजी गेले होते.

“मग लिफाफा फोडला नाहीत?” मी विचारले.

“फोडायचा तर खुर्चीत बसावं लागंल. बसलो की डाव सुरू. मी चाल करणार, कळ दाबणार, त्यांची तबकडी चालू होणार. ते कुठं हायेत खेळायला? येळ संपून हारतील. मी मुन्शीजींना घड्याळावर हरवू व्हय?”

म्हणून अण्णा त्या खुर्चीत कधी बसले नाहीत. दर शुक्रवारी ते उभ्याने मोहरे पुसत, स्प्रिंग आखडू नये म्हणून घड्याळाला किल्ली देत आणि कपडा घालत. चाळीस वर्षे.

“किती दिवस करणार?” मी विचारले.

अण्णा हसले. “हा डाव हाय तवर मी हाय. डाव संपला की मी बी मोकळा.”

हे वाक्य त्यांनी सहज म्हटले असेल. मी ते विसरू शकलो नाही. यापुढचे समजायला ते वाक्य लक्षात असणे आवश्यक आहे.

गेल्या हिवाळ्यात अण्णांच्या छातीत कफ साठला. पंधरा दिवस दवाखान्यात होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावून शुक्रवारचे काम सांगितले. “आधी इचारायचं. उत्तर आलं तरच हात लावायचा. नाय आलं तर कपडा घालून खाली यायचं. कळलं का गणेशा?”

“उत्तर आलेलं मला कळेल का?”

“कळंल.”

पहिल्या शुक्रवारी साडेचार वाजता मी वर गेलो. खालचे दुकान त्या दिवशी बंद होते. खोलीत ऊन होते. मी कपडा काढला, वाकलो आणि म्हणालो, “इजाजत.” माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी थांबलो. काही कळले नाही. मी कपडा परत घालायला उचलला आणि त्याच वेळी पाहिले, की पांढरा घोडा तिरपा होता. बाकी सर्व मोहरे अण्णांनी ठेवले तसे सरळ होते. एक घोडा तेवढा तोंड वळवून दाराकडे पाहत होता.

तिरपे काही दिसले की मला चैन पडत नाही. मी एका बोटाने घोडा सरळ केला. बोट उचलल्यावर लक्षात आले, की आपल्याला परवानगी मिळालेली नव्हती. मी कपडा घातला आणि खाली उतरलो. त्या आठवड्यात कारखान्यात माझे तीन नग बाद झाले.

दुसऱ्या शुक्रवारी मी कपडा काढला. घोडा पुन्हा दाराकडे पाहत होता. अण्णा नसल्यामुळे मंडळ बंद होते आणि खोलीची किल्ली आठवडाभर माझ्या खिशात होती. मी वाकलो, तोंड उघडले आणि मी बोलण्याआधीच समोरून आवाज आला.

“इजाजत?”

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, थकलेला, फार सौम्य. अण्णा म्हणतात तसा तो शब्द नव्हता. अण्णा सांगितल्यासारखे म्हणतात. हा प्रश्न होता. मग पुन्हा, तितक्याच सौम्यपणे, “इजाजत?”

कपडा तसाच खाली टाकून मी पायऱ्या उतरलो. चपला हातात घेऊन गुलमंडीच्या कोपऱ्यापर्यंत अनवाणी गेलो, हे मला नंतर कळले.

त्या संध्याकाळी मी दवाखान्यात अण्णांना सर्व सांगितले. घोड्याला हात लावल्याचेही.

“घोडा कुठं बघत व्हता म्हनलास?”

“दाराकडं.”

“आन् इचारत व्हते? सांगत नव्हते?”

“विचारत होते, अण्णा. दोनदा.”

अण्णा उठून बसले. “मोहऱ्याला हात लागलाय. आता तो हलवावाच लागंल. पन् डाव त्यांचा, चाल लिफाफ्यात. म्हंजी लिफाफा फोडायला पायजे.”

“अण्णा, हात मी लावला, चूक माझी. माझं नाव मंडळातून काढा. पण तो डाव संपवू नका.”

“का रं?”

“तुम्हीच म्हणाला होतात. डाव संपला की तुम्ही मोकळे.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत थट्टा होती, पण ते हसले नाहीत. “पुढाऱ्याला एक नियम आन् आपल्याला दुसरा, आसं आसतं व्हय गणेशा?”

अण्णांच्या सचोटीची पुष्कळ उदाहरणे या ग्रंथात इतरांनी दिली असतील. मी पाहिलेले सर्वांत मोठे हे आहे. माझ्या एका बोटाच्या चुकीसाठी त्यांनी स्वतःला सूट दिली नाही.

डॉक्टरांनी त्यांना गुरुवारी घरी सोडले. शुक्रवारी पावणेपाचला ते जिन्याशी होते. चपला खाली काढल्या. प्रत्येक पायरीवर थांबत, माझ्या खांद्यावर हात ठेवून वर आले. मी सारखा त्यांचा श्वास ऐकत होतो.

अण्णा आठव्या पटाशी गेले. पट मी सोडला तसाच उघडा होता, घोडा दाराकडे पाहत होता. त्यांनी काळ्या बाजूची खुर्ची मागे ओढली. चाळीस वर्षांत ती कुणी ओढली नव्हती. फरशीवर तिचे चार पाय उमटलेले होते. अण्णा बसले. फुगीर उशी हळूहळू दबली.

आणि घड्याळ चालू झाले. कळीला कुणी हात लावला नव्हता. मुन्शीजींच्या बाजूची तबकडी टिकटिकत होती.

मी अण्णांचा दंड धरला. ते म्हणाले, “स्प्रिंगला लई दिवस ताण आसला की ती आपसूक सुटती. भिऊ नगंस.” पण त्यांचा स्वतःचा हात गार होता.

त्यांनी घड्याळाखालचा लिफाफा घेतला. कागद पिवळा पडून मऊ झाला होता. भिंग डोळ्याला लावून त्यांनी घडी उघडली, वाचली आणि कागद माझ्यापुढे धरला.

चाल लिहिलेली नव्हती. देवनागरीत, चाळिशीत बाराखडी गिरवलेल्या हाताने, एकच शब्द लिहिला होता : ‘ईजाजत’. दीर्घ. फलकावर होता तसाच, तोच ‘ई’, तोच गोल ‘ज’. फलक कुणी लिहिला होता हे मी कधी विचारलेच नव्हते. ज्या अक्षरावरून मी माझा ब्रश फिरवला ते मुन्शीजींचे अक्षर होते.

“मोहरा सरळ करायची परवानगी मागितलीय?” मी विचारले.

अण्णांनी मान हलवली, नाही म्हणून. “त्यांच्यात पाहुणा उठताना बी हाच शब्द म्हनतो. येऊ का, जाऊ का, तसं. घरच्यानं ‘है’ म्हनल्याबिगर उंबरा वलांडत नायत.” घड्याळ टिकटिकत होते. “त्यांना ठावं व्हतं. परत येनार नव्हते. तोंडानं सांगवलं नसंल म्हनून लिहून ठिवलं. आन् मी लिफाफा फोडलाच नाय. चाळीस वर्सं मान्साला दारात हुभं केलं मी, गणेशा.”

मी रिकाम्या खुर्चीकडे पाहण्याचे टाळत होतो. अण्णा मात्र तिच्याकडेच पाहत होते. त्यांनी हात जोडले नाहीत. डाव संपल्यावर समोरच्याशी हात मिळवायचा असतो. त्यांनी पटावरून उजवा हात पुढे केला आणि हवेत तसाच धरला. बराच वेळ. मी पाहिले, की त्यांची बोटे किंचित दबली.

मग ते म्हणाले, “है.”

घड्याळ थांबले.

खोलीत काही हलले नाही. जिन्यावर आवाज झाला नाही. फक्त समोरच्या उशीवरचा खळगा, आंबलेले पीठ फुगावे इतक्या सावकाश, वर आला. मी हे पाहिले आहे. त्यापेक्षा जास्त काही मला माहीत नाही आणि मी लिहिणार नाही.

शिस्तीप्रमाणे अण्णांनी एकेक मोहरा जागेवर लावला. आता कुणाची परवानगी मागावी लागली नाही. घोडा शेवटी राहिला. तो त्यांनी माझ्या हातात दिला. “तू लावलास ना हात? मग तूच ठिव जागेवर.” मी ठेवला. नीट सरळ.

त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटेच अण्णांच्या घरी गेलो. ते अंगणात बसून कुणाचे तरी मनगटी घड्याळ उघडत होते. मला पाहून म्हणाले, “बघायला आलास व्हय? हाय अजून. चहा घेतूस का?”

तेव्हापासून आठवा पट सर्वांना खुला आहे. रामभाऊंचा जड संच आता तिथेच मांडतात. उजेड चांगला येतो. फलकावरचा तो दीर्घ शब्द मी कधीही दुरुस्त होऊ देणार नाही. संपादकांनाही विनंती आहे, की या लेखाच्या शीर्षकात तो चूक समजून बदलू नये.

एक गोष्ट मात्र नवी झाली आहे. पूर्वी अण्णा निघताना नुसते “चला” म्हणत. आता ते दारात थांबतात, सर्व पटांवरून एकदा नजर फिरवतात आणि म्हणतात, “इजाजत?”

पहिल्यांदा म्हणाले तेव्हा खेळणाऱ्यांचे हात पटांवरच थांबले. मी सर्वांना घडलेले सांगितले होते. शेवटी रामभाऊ तिकडे न बघता मोठ्याने म्हणाले, “नाय. उद्या या, मग बघू.”

अण्णा हसले. “बरं,” म्हणाले, आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी साडेचारला हजर.

आता हा रोजचा परिपाठ आहे. ते विचारतात, आम्ही नाही म्हणतो. थट्टा म्हणून म्हणतो असे नव्या सभासदांना वाटते. वाटू द्यावे. समोरच्याने ‘है’ म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही, उठायचे नाही, उंबरा ओलांडायचा नाही. हे अण्णांनीच आम्हाला शिकवले आहे आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हे. त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची छाती मोकळी राहो, भिंगाखाली बोटे स्थिर राहोत, त्यांच्या बाजूच्या तबकडीत पुष्कळ वेळ शिल्लक असो. बाकीचे आम्ही सांभाळू. आम्ही सर्व सभासदांनी आपसांत ठरवले आहे आणि ते इथे लेखी देतो : अण्णांनी कितीही सौम्यपणे विचारले तरी आमच्यापैकी कुणीही तो शब्द उच्चारणार नाही.